हलकी सायकल की वारा कापणारी: पनागरच्या रस्त्यावरची निवड

रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींची आज दोन घराणी आहेत. पहिले हलक्या सायकलींचे. त्यांच्या नळ्या बारीक असतात, रिम उथळ असते, आणि सगळी बांधणी चढ डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. दुसरे घराणे वारा कापणाऱ्या सायकलींचे. त्यांच्या नळ्या चपट्या आणि मागे निमुळत्या होत गेलेल्या, रिम पन्नास-साठ मिलिमीटर खोल, हँडल आणि स्टेम एकाच तुकड्यातले, आणि बाहेर एकही केबल दिसत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी दोन्ही घराणी एकाच छपराखाली वाढवली. तैवानच्या जायंटकडे टीसीआर आणि प्रोपेल आहेत, स्कॉटकडे अॅडिक्ट आरसी आणि फॉइल. ट्रेककडे एमोंडा आणि मॅडोन अशी जोडी होती. 2024 मध्ये ट्रेकने एमोंडा बंद केली आणि तिचे गुण आठव्या पिढीच्या मॅडोनमध्ये मिसळले. स्पेशलाइज्डने तेच 2020 मध्ये केले होते: व्हेंज गेली, टार्मॅक उरली. अशा सायकलींची किंमत काही लाखांपासून सुरू होते आणि सर्वांत वरच्या प्रतीला दहा लाखांच्याही पुढे जाते. त्यामुळे दोहोंपैकी एक निवडताना चूक झाली, तर ती वर्षानुवर्षे बोचते.

जबलपूर जिल्ह्यातले पनागर हे या निवडीचा विचार करायला चांगले ठिकाण आहे. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 30 वर, जबलपूरपासून साधारण सोळा किलोमीटरवर हे गाव आहे. जुन्या क्रमांकांनुसार हाच वाराणसी ते कन्याकुमारी असा जाणारा महामार्ग क्रमांक 7. पनागरहून सिहोराकडे निघालेल्या सायकलस्वाराला चोवीस-पंचवीस किलोमीटर जवळजवळ सपाट रस्ता मिळतो. उलट दिशेला जबलपूर ओलांडून लखनादौनकडे वळले की रस्ता हळूहळू सातपुड्याच्या पठारावर चढतो, पुढे सिवनी लागते, आणि मग उतरत उतरत नागपूर. पनागर ते नागपूर हे सगळे अंतर तीनशे किलोमीटरच्या आत आहे.

नागपूरचे नाव इथे केवळ नकाशासाठी घेतलेले नाही. तिथले डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती एकट्याने पार केली. त्याआधी 2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी तीच शर्यत दोघांच्या संघात, नऊ दिवसांच्या मुदतीत संपवली होती. या शर्यतीत वाळवंटातले सपाट रस्ते आहेत, रॉकी पर्वतातले घाट आहेत आणि अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानातला आडवा वाराही आहे. म्हणून स्पर्धक सहसा एकापेक्षा जास्त सायकली बरोबर नेतात आणि रस्त्याप्रमाणे बदलतात. पनागरच्या खरेदीदाराला मात्र एकाच सायकलीवर सगळे भागवायचे असते.

दोन्ही घराण्यांचा उगम पाहिला की त्यांच्यातला फरक नीट कळतो. टीसीआरचा आराखडा माइक बरोज या इंग्रज अभियंत्याचा. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रिस बोर्डमनने ज्या लोटस सायकलीवर सुवर्णपदक मिळवले, तिच्यामागेही बरोज यांचेच डोके होते. तोवर शर्यतीच्या सायकलीची वरची नळी जमिनीला समांतर असे. बरोज यांनी ती मागच्या बाजूला उतरती केली. त्यामुळे फ्रेमचा मागचा त्रिकोण लहान, हलका आणि ताठ झाला, आणि कंपनीला दर दोन सेंटिमीटरला वेगळी फ्रेम बनवण्याची गरज उरली नाही. मोजक्या मापांच्या फ्रेम, आणि उरलेला फरक सीटपोस्ट व स्टेमच्या लांबीने भरून काढायचा, अशी ती कल्पना होती. 1998 मध्ये स्पेनच्या ओन्से या व्यावसायिक संघाने ही सायकल वापरली, आणि पुढच्या काही वर्षांत उतरती नळी सगळ्यांनीच उचलली. 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने, म्हणजे यूसीआयने, शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन 6.8 किलो ठरवले. हलकेपणाच्या शर्यतीला तिथे तळ लागला. मग कंपन्यांचे लक्ष वाऱ्याकडे वळले. प्रोपेल 2013 ची आहे.

वाऱ्याचे महत्त्व सायकलस्वारांना त्याच्या कितीतरी आधी कळले होते. 1989 च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा 24.5 किलोमीटरचा, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याचा होता. अमेरिकेचा ग्रेग लेमंड पुढे झेपावलेल्या हँडलवर कोपरे टेकवून, शिरस्त्राण घालून धावला. लॉराँ फिन्यॉन साध्या हँडलवर आणि उघड्या डोक्याने. तीन आठवड्यांची ती शर्यत लेमंडने आठ सेकंदांनी जिंकली.

आता हे गणित पनागर–सिहोरा रस्त्यावर मांडता येते. सायकल आणि स्वार मिळून ऐंशी किलो धरू. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाताना हवा बाजूला सारण्यात साधारण 100 वॉट खर्च होतात आणि टायर रस्त्यावर घरंगळण्यात 30 वॉटच्या आसपास. वेग 40 वर नेला की हवेचा वाटा 240 वॉटच्या जवळ जातो, कारण हवेशी झुंजायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पण या हवेच्या रोधाचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग स्वाराच्या अंगाचा असतो. सायकलीच्या वाट्याला उरलेला तेवढाच. वारा कापणाऱ्या सायकलीने एकूण रोध तीन टक्क्यांनी घटवला असे समजले, तर 30 च्या वेगाला तीन वॉट वाचतात. पनागर ते सिहोरा हे पाऊण तासाचे अंतर त्यामुळे सुमारे 25 सेकंद लवकर कापले जाते.

हलक्या सायकलीची बाजूही तशीच तपासायची, तर पुण्याचा सिंहगड घ्यावा. पायथ्यापासून गडावरच्या वाहनतळापर्यंत सुमारे 600 मीटरची चढाई आहे. 200 वॉट लावणाऱ्या ऐंशी किलोच्या जोडीला ती चाळीस मिनिटांच्या पुढे वेळ घेते. सायकल अर्ध्या किलोने हलकी असेल तर पंधरा सेकंद वाचतात, एक किलोने हलकी असेल तर तीस. आणि पाण्याची 750 मिलिलिटरची भरलेली बाटली पाऊण किलो वजनाची असते. जबलपूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना, दोन बाटल्यांशिवाय घराबाहेर पडणे शहाणपणाचे नाही. फ्रेमवर लाखभर रुपये जास्त मोजून वाचवलेले वजन पहिल्याच बाटलीत परत येते.

म्हणजे दोन उत्तम सायकलींमधला फरक अर्ध्या मिनिटाच्या आतला आहे. व्यावसायिक स्पर्धकासाठी अर्धे मिनिट म्हणजे सर्वस्व. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा मान मिळतो, आणि तिथे पंधरा सेकंद म्हणजे दोनशे फुटांची आघाडी. 2026 च्या जानेवारीत यूसीआयच्या वेळापत्रकात आलेल्या पुणे ग्रँड टूरसारख्या शर्यतीत एकाच आठवड्यात सपाटीही असते आणि घाटही, आणि म्हणूनच दोन घराणी एकमेकांच्या जवळ सरकत चालली आहेत. पण पहाटे पाचला पनागरहून निघून आठपर्यंत परत येणाऱ्या हौशी स्वारासाठी याहून कितीतरी मोठे वेळेचे साठे दुसरीकडे पडलेले असतात.

त्यातला सर्वांत मोठा साठा शरीराच्या बैठकीत आहे. हँडलच्या वरच्या टोकांना धरून, कोपरे ताठ ठेवून बसलेला स्वार आणि तिथेच धरून कोपरे वाकवून, हात जमिनीला समांतर केलेला स्वार यांच्या रोधात सहज दहा टक्क्यांचा फरक पडतो. फ्रेमने दिलेल्या लाभाच्या तिप्पट. मात्र ही बैठक तासभर टिकायला हवी. मान आखडली, कंबर भरून आली, तळहातांना मुंग्या आल्या की स्वार आपोआप उठून बसतो, आणि मग पन्नास हजारांचे हँडलही हवेत छाती उघडी टाकण्यापलीकडे काही करत नाही.

म्हणून दोन सायकलींची तुलना करताना आधी दोन आकडे पाहावेत. पेडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या अक्षापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची हा स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर हा रीच. दोन्ही आकडे प्रत्येक कंपनीच्या मापांच्या तक्त्यात मिलिमीटरमध्ये छापलेले असतात. 'मीडियम' या शब्दावर विसंबू नये. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या स्मॉलच्या जवळ जाऊ शकतो. सीटची उंची घरीच काढता येते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक सीटसारखे वर दाबून धरायचे, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. त्याला 0.883 ने गुणले की त्याच मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. 80 सेंटिमीटर माप आले तर उत्तर 70.6. हा आकडा सुरुवातीचा आहे, पुढे काही मिलिमीटर वर-खाली करावे लागतात. पण दुकानात सीटवर बोटभर अंदाजाने बसण्यापेक्षा तो हजारपट बरा. पायांच्या मानाने धड लांब असलेल्याला जास्त रीच चालतो; पाय लांब आणि धड आखूड असेल तर तीच सायकल त्याला ताणून धरते. ज्या फ्रेमवर 90 ते 110 मिलिमीटरचे स्टेम लावून आणि खाली दोन-तीन वायसर ठेवून बैठक जमते, ती फ्रेम आपली. स्टेम 70 पर्यंत आखूड करावे लागत असेल तर फ्रेम मोठी आहे, मग ती कितीही देखणी असो.

बैठकीच्या खालोखाल महत्त्व टायरला. पंधरा वर्षांपूर्वी शर्यतीची सायकल म्हणजे 23 मिलिमीटरचा टायर आणि दगडासारखी हवा, असे समीकरण होते. ते आता उलटले आहे. खडबडीत डांबरावर जास्त हवेचा टायर प्रत्येक खड्यावर उसळतो आणि त्या उसळण्यात शक्ती वाया जाते. रुंद टायर कमी हवेवर खडा पोटात घेतो. सत्तर किलोच्या स्वाराला 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये 65 ते 70 पीएसआय पुरते, 32 च्या टायरमध्ये त्याहूनही कमी. 2024 च्या टीसीआरमध्ये 33 मिलिमीटरपर्यंतचा टायर बसतो, 2022 च्या प्रोपेलमध्ये 30 पर्यंत. ज्याला महामार्ग सोडून पनागरच्या आसपासच्या गावरस्त्यांवर, ट्रॅक्टरच्या चाकांनी विस्कटलेल्या डांबरावर जायचे आहे, त्याच्यासाठी हे तीन मिलिमीटर वाऱ्याच्या तीन वॉटांपेक्षा मोलाचे आहेत.

टायरबरोबर रिम आलीच, आणि इथे एक गोष्ट काळजीपूर्वक समजून घ्यायला हवी. महागड्या कार्बन रिमपैकी बऱ्याच आता आतल्या कडेला आकडा नसलेल्या, म्हणजे हुकलेस असतात. जुन्या रिमच्या कडेला आत वळलेला ओठ असे आणि टायरची कड त्याखाली अडकून बसे. हुकलेस रिमची भिंत सरळ असते. टायर तिथे नेमक्या मापामुळे आणि मर्यादित दाबामुळे टिकतो. अशा रिमवर 72.5 पीएसआय, म्हणजे पाच बारच्या वर हवा भरायची नसते, आणि कंपनीने मान्य केलेलेच टायर लावायचे असतात. सायकलच्या साध्या दुकानात चाक कडक लागेपर्यंत हवा मारण्याची पद्धत आहे. अंगठ्याने दाबून पाहिले आणि दबले नाही की काम झाले. हुकलेस रिमवर ही पद्धत जिवावर बेतू शकते. खरेदी करतानाच रिम कोणत्या प्रकारची आहे ते विचारावे आणि दाब दाखवणारा स्वतःचा उभा पंप त्याच दिवशी घ्यावा. बारीक व्हॉल्व्हमुळे पेट्रोल पंपावरची नळी तशीही बसत नाही.

रिमच्या खोलीचा निर्णय या रस्त्याची दिशा करते. पनागर–सिहोरा रस्ता ढोबळमानाने ईशान्येकडे जातो. उन्हाळ्यात मध्य भारतात वाहणारा गरम वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. म्हणजे तो जाताना-येताना दोन्ही वेळा कुशीवर आदळतो. 60 मिलिमीटर खोल रिमचे पुढचे चाक अशा वेळी शिडासारखे वागते. त्यात शेजारून ट्रक गेला की आधी वारा अडतो, मग ट्रकमागचा झोत एकदम आत ओढतो, आणि हँडल हातात हिसका देते. वजनाने हलक्या स्वाराला हे जास्त जाणवते. पुढे 35 ते 45 आणि मागे 50 मिलिमीटर ही जोडी इथे शहाणपणाची. मागचे चाक वळत नाही, त्यामुळे तिथे खोल रिमचा त्रास कमी. चांगली गोष्ट अशी की चाके बदलता येतात. हलक्या फ्रेमवर मध्यम खोल चाके लावली की वारा कापण्यातली बरीचशी तफावत भरून निघते. चपट्या नळ्यांच्या फ्रेममधली टायरची जागा मात्र रुंद करता येत नाही.

गिअरबाबत थोडक्यात सांगता येते. अशा सायकलींवर आता बहुतेक बारा गिअरची मागची कॅसेट आणि इलेक्ट्रॉनिक बदल हेच चालते. पुढे 54-40 दातांची जोडी शर्यतीत कामाची. हौशी स्वाराने 52-36 किंवा 50-34 घ्यावी, आणि मागे 11-34. 34 ला 34 म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, सुमारे 2.1 मीटर. घाटात पाय मिनिटाला साठच्या गतीने फिरत राहिले तरी सायकल साडेसात किलोमीटरच्या वेगाने चढत राहते. 52 ला 11 वर मिनिटाला नव्वद फेरे म्हणजे ताशी सुमारे 54 किलोमीटर. त्याहून जड गिअरची गरज लखनादौनच्या वाटेवर कोणाला पडणार नाही.

यानंतरचा मुद्दा दुकानाच्या झगमगाटात बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, आणि पनागरसारख्या गावात तोच सर्वांत जास्त छळतो: सायकल बिघडली तर ती उघडणार कोण? पनागरचा आणि जबलपूरचा जुना कारागीर चाकाचा आऊट काढण्यात, छर्रे बदलण्यात, चेन जोडण्यात वाकबगार असतो. पण नव्या सायकलींमध्ये ब्रेकच्या तेलाच्या नळ्या हँडलमधून, स्टेमखालून, पुढच्या बेअरिंगमधून आत जातात. पावसाळ्यात पाणी आणि चिखल त्याच बेअरिंगवर उतरतो आणि एखाद-दोन वर्षांत ते करकरू लागते. जुन्या सायकलीवर हे बेअरिंग अर्ध्या तासात बदलून होई. नव्या बांधणीत पुष्कळदा ब्रेकची नळी सोडवावी किंवा कापावी लागते, नवी जोडावी लागते, आणि मग ब्रेकमधली हवा काढून तेल पुन्हा भरावे लागते. हँडल आणि स्टेम एकाच तुकड्यातले असेल तर स्टेम दहा मिलिमीटरने आखूड करायलाही अख्खा तुकडा नवा घ्यावा लागतो. त्यामुळे दोन सायकली इतर बाबतींत तोडीस तोड असतील, तर जिचे स्टेम वेगळे निघते, जिच्या पेडलच्या बेअरिंगची वाटी दाबून न बसवता आट्यांवर फिरवून बसवलेली आहे, आणि जिच्या सीटपोस्टची पाचर सहज मिळते, ती घ्यावी. वारा कापणाऱ्या सायकलीचा सीटपोस्ट तिच्या फ्रेमच्याच आकाराचा असतो. तो हरवला किंवा तडकला तर त्या कंपनीशिवाय दुसरीकडे मिळत नाही.

जबलपूर भागातल्या मराठी घरांचे नागपूरला जाणे-येणे असतेच. ज्या दुकानात मापे घेऊन बैठक जमवून देतात आणि ब्रेकचे तेलही बदलतात, ते दुकान त्या वाटेवर असेल तर सायकल तिथूनच घ्यावी, चार पैसे जास्त गेले तरी. घरी तीन वस्तू असाव्यात: पाच न्यूटन मीटरवर थांबणारा टॉर्क पाना, कार्बनच्या जोडांना लावायची खरखरीत पेस्ट आणि गिअरची बॅटरी भरायची केबल. कार्बनचा सीटपोस्ट साध्या पान्याने जोर लावून आवळला की तो आतून चिरतो आणि वरून काही दिसत नाही. पडलेली, वापरलेली सायकल स्वस्तात मिळत असेल तर याच कारणाने दोनदा विचार करावा. नाण्याने फ्रेमवर हलके ठोकत गेल्यावर टणक आवाज मध्येच बद्द झाला, तर त्या जागी थर सुटले असण्याची शक्यता असते.

इतके सगळे पाहिल्यावर पनागरसाठी कौल हलक्या घराण्याच्या बाजूने झुकतो, आणि त्याचे कारण वजन नव्हे. सपाट रस्ता वारा कापणारीला अनुकूल आहे, आणि आकड्यांत तीच थोडी पुढे राहते. पण हलक्या सायकलीत टायरला जागा जास्त मिळते, कुशीवरचा वारा तिला कमी ढकलतो, आणि मापात बसवायला ती सोपी जाते. ज्याचा सगळा सराव महामार्गावर, गटाने, पस्तीसच्या पुढच्या वेगाने चालतो आणि जो शर्यतीत उतरतो, त्याने प्रोपेलच्या जातीची सायकल जरूर घ्यावी; त्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

पैसे भरण्यापूर्वी दोन्ही सायकली किमान तासभर, आपल्या पेडलवर आणि आपल्या सीटवर चालवून पाहाव्यात. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक नवी सायकल उडती वाटते. चाळिसाव्या मिनिटाला हात कुठे जातात ते पाहावे: ते हँडलच्या पुढच्या टोकांवर राहिले तर माप बरोबर, आपोआप मधल्या सरळ भागावर मागे आले तर रीच जास्त. पुढच्या चाकाच्या चिमट्याची (फोर्कची) वर जाणारी नळी दुकानदाराला लगेच कापू देऊ नये. निदान महिनाभर वायसर वर-खाली करून पाहावेत, आणि उंची पक्की ठरल्यावरच ती कापून घ्यावी. टीसीआरच्या सर्वांत वरच्या प्रतीत सीटची नळीही फ्रेमचाच भाग असते आणि तीही मापाने कापावी लागते. ती कापताना काढलेल्या आकड्यात पाच मिलिमीटर जास्त ठेवावेत. पुढे बुटांचा तळ किंवा सीट बदलली तर ते लागतात.